पडद्याकडून कॉमिकच्या पानाकडे: सुपरहिरोंची रूपांतरे कशी जोखावीत?

निशाचर (धागाकर्ता)

सुपरहिरोवरचा नवा चित्रपट किंवा मालिका आली की चाहत्यांमधली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: मूळ कॉमिकशी ती किती प्रामाणिक आहे? पोशाखाचा रंग तोच आहे का, खलनायकाचा पूर्वेतिहास बदलला आहे का, अमुक अंकातला प्रसंग जसाच्या तसा घेतला आहे का, याची मोजदाद होते आणि तिच्यावरून निकाल लागतो. मला ही कसोटी अपुरी वाटते, कारण ज्या मूळ कॉमिकचा आपण हवाला देतो त्यातला बराच भाग रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्याकडूनच तिथे आलेला आहे. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. या रूपांतरामुळे त्या पात्राच्या पदरात असे काही पडले का, जे आधी नव्हते आणि जे पुढच्या लेखकांना टाकून देणे जमले नाही?

सुपरमॅनचेच घ्या. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आणलेला सुपरमॅन उडत नव्हता. तो उंच इमारती एका उडीत ओलांडत असे. १२ फेब्रुवारी १९४० रोजी त्याची रेडिओ मालिका सुरू झाली आणि १९४१ पासून फ्लायशर स्टुडिओची कार्टूने चित्रपटगृहांत झळकू लागली. त्या काळातच त्याची उडी हळूहळू उड्डाणात बदलली. सुपरमॅन जिथे काम करतो त्या वृत्तपत्राचा संपादक पेरी व्हाइट आधी रेडिओवर ऐकू आला आणि मग कॉमिकमध्ये दिसला. तिथला पोरसवदा सहकारी जिमी ऑल्सन, त्यालाही नाव आणि व्यक्तिमत्त्व मिळाले ते रेडिओवरच. सुपरमॅनला निष्प्रभ करणारे क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओच्या श्रोत्यांनी प्रथम ऐकले, कॉमिकमध्ये ते १९४९ साली आले. ज्याला कशानेच इजा होत नाही अशा नायकाची गोष्ट आठवड्यातून कित्येक वेळा सांगायची तर लेखकाला त्याचा एखादा दुबळेपणा शोधावाच लागतो. रेडिओच्या लेखकांची ती निकड होती आणि तिच्यातून सुपरमॅनच्या कथेला कायमचा ताण मिळाला. आज क्रिप्टोनाइट वगळून कोणी सुपरमॅनचा चित्रपट काढला, तर आपणच त्याला मुळाशी बेइमान म्हणू.

माझ्या मनातले सर्वांत मोठे उदाहरण मात्र मिस्टर फ्रीझचे आहे आणि त्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. १९५९ साली बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये हा खलनायक आला तेव्हा त्याचे नाव मिस्टर झीरो होते. मिस्टर फ्रीझ हे नाव १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने रूढ केले. नाव बदलले, पण पात्र तेवढेच राहिले: बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक माणूस. पुढची अनेक वर्षे त्याच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

मग ७ सप्टेंबर १९९२ रोजी 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'चा 'हार्ट ऑफ आइस' हा भाग प्रसारित झाला. लेखन पॉल डीनी यांचे होते आणि दिग्दर्शन ब्रूस टिम यांचे. व्हिक्टर फ्राइज या शास्त्रज्ञाची पत्नी नोरा असाध्य आजाराने ग्रासलेली आहे. उपचार सापडेपर्यंत तिला जिवंत ठेवता यावे म्हणून त्याने तिला कंपनीच्या यंत्रसामग्रीत गोठवून ठेवले आहे. खर्च वाढतो म्हणून कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल प्रयोग बंद पाडायला येतो, झटापट होते, फ्राइज रसायनांत फेकला जातो आणि त्यानंतर गोठणबिंदूखालच्या तापमानाबाहेर तो जगू शकत नाही. हे सारे बॅटमॅनला कळते ते एका चित्रफितीतून. ती फीत तो एकटा पाहतो तेव्हा आपल्याला त्याचा चेहरा दिसतो, आणि ज्याचा पाठलाग चालला आहे त्याच्याकडे तो आता गुन्हेगार म्हणून पाहू शकत नाही, हे संवादाशिवाय समजते.

हा भाग जेमतेम बावीस मिनिटांचा आहे आणि त्यात एकही गोष्ट वाया गेलेली नाही. सुरुवातीला बॅटमॅनला सर्दी झालेली असते आणि त्याचा घरकारभारी आल्फ्रेड त्याला थर्मासमध्ये गरम सूप देतो. प्रेक्षक ते विसरून जातो. शेवटच्या झुंजीत बॅटमॅनजवळ काहीच उरत नाही तेव्हा तो तोच थर्मास फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फोडतो आणि गोठलेली काच गरम सुपाने तडकते. मायकेल अ‍ॅन्सारा यांनी फ्रीझला दिलेला आवाज जवळजवळ सपाट आहे. त्यात राग नाही, थरथर नाही, आणि म्हणूनच काचेच्या गोळ्यातल्या नर्तिकेकडे पाहत तो नोराची क्षमा मागतो तेव्हा त्याच्या वाट्याला किती दुःख आले आहे ते कळते. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉमिकने हा पूर्वेतिहास स्वीकारला. त्यानंतर फ्रीझ लिहिणाऱ्या प्रत्येकाला नोराविषयी काही ना काही भूमिका घ्यावीच लागली आहे.

आता याच पात्राचे दुसरे रूपांतर पाहा. १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन' या चित्रपटात जोएल शूमाकर यांनी नोरा घेतली, तिचा आजार घेतला, गोठवलेली पेटीही घेतली. घटना सगळ्या त्याच आहेत. पण आर्नल्ड श्वार्झनेगर यांच्या तोंडी थंडीवरच्या कोट्यांची रांग लावल्यामुळे त्या घटनांचे वजन नाहीसे झाले. घटनांच्या यादीवरून निष्ठा मोजणाऱ्याला हा चित्रपट नापास करता येणार नाही, आणि माझ्या मते ती कसोटी इथेच कोलमडते.

हार्ली क्विनविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिची कथा सर्वांना ठाऊक आहे. 'हार्ट ऑफ आइस'च्याच मालिकेत, त्याच महिन्यात, एका भागापुरती जोकरची साथीदार म्हणून ती आली. आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजामुळे ती टिकली, १९९४ च्या 'मॅड लव्ह' या कॉमिकने तिला पूर्वायुष्य दिले आणि १९९९ साली ती मुख्य कॉमिकविश्वात दाखल झाली.

पडद्यावरून कॉमिकमध्ये गेलेली प्रत्येक गोष्ट मी देणगी मानत नाही. सॅम रेमी यांच्या २००२ च्या चित्रपटात स्पायडरमॅनच्या मनगटातून जाळे नैसर्गिकरीत्या निघते. चित्रपटाच्या वेळेचा विचार करता ती सोय समजण्यासारखी होती. पण २००४ मध्ये कॉमिकनेही तेच केले आणि त्यात पात्राचे नुकसान झाले. पीटर पार्कर हा स्वतःच्या खोलीत जाळ्याचे द्रावण बनवणारा, पैशांची चणचण असलेला हुशार मुलगा आहे, आणि ऐन वेळी ते द्रावण संपणे हा त्याच्या गरिबीचा आणि बुद्धीचा एकत्र पुरावा असतो. काही वर्षांत कॉमिकने तो बदल मागे घेतला, हे योग्यच झाले. मार्वलच्या कॉमिकमधला गुप्तहेरप्रमुख निक फ्युरी याचेही तसेच. मुख्य कॉमिकविश्वाबाहेरच्या २००२ च्या 'अल्टिमेट्स' या मालिकेत तो सॅम्युअल जॅक्सन यांच्या चेहऱ्यावरून रेखाटला गेला, २००८ मध्ये जॅक्सन यांनीच तो पडद्यावर साकारला, आणि पुढे मुख्य कॉमिकविश्वात जुन्या फ्युरीचा, जॅक्सन यांच्यासारखा दिसणारा मुलगा अचानक अवतरला. चित्रपट पाहून दुकानात आलेल्या ग्राहकाला चेहरा ओळखीचा वाटावा, यापलीकडे त्या मुलाला कथेत कारण नव्हते.

तुमच्या मते कोणत्या रूपांतराने मुळाला खरोखर काही दिले?

पानवेल

लेख आवडला, पण तुमची कसोटी अखंड चालू राहणाऱ्या पात्रांनाच लागू पडते असे मला वाटते. 'वॉचमेन'चे काय करायचे? अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे ते बारा अंक १९८७ मध्ये पूर्ण झाले. ती बंदिस्त रचना आहे. तिला परत काही देण्याची जागाच नाही. तिथे निष्ठेचाच प्रश्न विचारावा लागतो.

आणि निष्ठेचा विचार केला तरी झॅक स्नायडर यांचा २००९ चा चित्रपट मला अस्वस्थ करतो. गिबन्स यांच्या कित्येक चौकटी त्यात हुबेहूब उभ्या केल्या आहेत. पण कॉमिकमधले हे मुखवटाधारी नायक पोट सुटलेले, दमलेले, आपल्या जुन्या पोशाखाला थोडे लाजणारे मध्यमवयीन आहेत, आणि चित्रपटात ते मंद गतीतल्या देखण्या हाणामाऱ्या करतात. जी हिंसा पाहून संकोच वाटावा अशी मूर यांची मांडणी आहे, ती इथे टाळ्या घेण्यासाठी वापरली आहे. म्हणजे चौकट निष्ठावान आणि दृष्टी उलटी, असा तो प्रकार आहे.

निशाचर (धागाकर्ता)

पानवेल, चित्रपटाविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. पण बंदिस्त रचनेलाही परत काही देता येते, आणि त्याचा दाखला 'वॉचमेन'मध्येच आहे.

कॉमिकमधला हूडेड जस्टिस आठवा. तो पहिला मुखवटाधारी. डोक्यावर टोपडे आणि गळ्यात फास, एवढीच त्याची ओळख आहे. तो कोण होता हे कॉमिक ठामपणे सांगत नाही. सर्कशीतला एक जर्मन पहिलवान असावा, असा हॉलिस मेसन या पात्राचा तर्क तेवढा येतो. माणूस गळ्यात फास घालून का फिरेल, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. डेमन लिंडेलॉफ यांच्या २०१९ च्या नऊ भागांच्या मालिकेने तो विचारला. सहाव्या भागात तो माणूस विल रीव्ह्ज हा न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय पोलीस निघतो, आणि त्याला झाडाला लटकवून धमकावणारे लोक त्याचेच सहकारी असतात. घरी परतताना तोच फास त्याच्या गळ्यात असतो आणि तेच टोपडे त्याच्या हातात. डोळ्यांभोवतीच्या त्वचेला तो गोरा रंग फासतो, म्हणजे छिद्रांमधून पाहणाऱ्याला तो गोरा वाटावा. मूर आणि गिबन्स यांनी काढलेली एकही रेघ मालिकेने बदलली नाही, तरी तो भाग पाहिल्यानंतर १९८६-८७ चे ते अंक पुन्हा उघडले की हूडेड जस्टिसचे प्रत्येक चित्र वेगळे दिसते. विलचे बालपण १९२१ च्या टल्सामधल्या हत्याकांडाशी जोडल्यामुळे तर अमेरिकेतल्या मुखवट्यांचा इतिहासच त्या चित्रामागे उभा राहतो. पुढच्या अंकाची वाट न पाहता जुन्या अंकाला नवा अर्थ देणे, ही मला सर्वांत अवघड देणगी वाटते.

सांजवेळ

बार्बरा गॉर्डनचा उल्लेख या धाग्यात यायलाच हवा. साठच्या दशकातल्या 'बॅटमॅन' मालिकेचे निर्माते विल्यम डोझियर यांना तिसऱ्या हंगामासाठी नवे स्त्रीपात्र हवे होते. कॉमिकचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फन्टिनो यांनी पोलीस आयुक्त गॉर्डनची ग्रंथपाल मुलगी बार्बरा बॅटगर्ल म्हणून आणली. १९६७ च्या आरंभीच्या अंकात ती कॉमिकमध्ये आली आणि त्याच वर्षी इव्हॉन क्रेग यांनी ती पडद्यावर साकारली. म्हणजे ती जन्मालाच मुळी दूरचित्रवाणीच्या गरजेतून आली.

पण तिचे खरे मोठेपण पुढचे आहे. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि ती चाकाच्या खुर्चीला जखडली जाते. त्या कथेत तिच्या वेदनेचा उपयोग फक्त पुरुषांच्या संघर्षाला धार आणण्यासाठी होतो. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याला ते मान्य नव्हते. त्यांनी १९८९ मध्ये तिला ओरॅकल म्हणून परत आणले: संगणकासमोर बसून सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी, कुणाच्याही उपकाराखाली नसलेली स्त्री. २०११ पर्यंत ती त्याच भूमिकेत राहिली आणि अनेक अपंग वाचकांना ती आपली वाटली. पडद्याने मात्र या ओरॅकलला कधी पुरेसा न्याय दिला नाही. २००२ च्या 'बर्ड्स ऑफ प्रे' मालिकेत डीना मेयर यांची ओरॅकल होती, पण तेरा भागांत ती मालिका आटोपली, आणि २०२० च्या त्याच नावाच्या चित्रपटात तर बार्बरा नव्हतीच. पडद्याने दिलेल्या पात्राला कॉमिकने वाढवले. ते वाढलेले पात्र पडद्याने सांभाळायला हवे होते, अशी माझी तक्रार आहे.

घाटमाथा

माझा मुद्दा माध्यमाच्या लांबीचा आहे. कॉमिक मासिक हप्त्यांत वाढते, त्यामुळे त्याचे खरे भावंड मालिका आहे, चित्रपट नव्हे. २००३ च्या 'डेअरडेव्हिल' चित्रपटात पीटर पार्करसारखीच एका अनाथ मुलाची घडण, इलेक्ट्राचे प्रेम, बुल्सआय हा मारेकरी आणि किंगपिन हा गुन्हेगारी जगाचा म्होरक्या असे चौघांना पुरेल इतके कथानक पावणेदोन तासांत कोंबले आहे. २०१५ च्या मालिकेत किंगपिन तिसऱ्या भागाच्या शेवटी प्रथम दिसतो, तोही एका पांढऱ्या चित्राकडे एकटक पाहत उभा असलेला, अवघडलेला माणूस म्हणून. त्याआधी तीन भाग लोक त्याचे नाव घ्यायलाही घाबरतात.

दुसऱ्या भागातली बोळातली मारामारी पुन्हा पाहा. पळवून नेलेल्या मुलाला सोडवायला मॅट, म्हणजे डेअरडेव्हिल, आत शिरतो तेव्हा तो आधीच जखमी आहे. कॅमेरा बहुतेक वेळ बोळातच थांबतो. खोल्यांमध्ये काय चालले आहे ते आपल्याला फक्त ऐकू येते. मार खाल्लेले गुंड पुन्हा उठतात, मॅट भिंतीला टेकून श्वास घेतो आणि पुन्हा पुढे सरकतो. सुपरहिरो थकतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

निशाचर (धागाकर्ता)

घाटमाथा, बोळाच्या प्रसंगाविषयीचे तुमचे निरीक्षण अगदी योग्य आहे. मात्र लांबी हा आपोआप गुण ठरत नाही. त्याच मंचावरच्या, म्हणजे नेटफ्लिक्सवरच्या, पुढच्या मालिकांमध्ये तेरा भाग भरायचेच म्हणून कथा ताणलेली स्पष्ट जाणवते, आणि 'हार्ट ऑफ आइस'ला बावीस मिनिटे पुरली.

सांजवेळ, तुमच्या तक्रारीला जोडून एक लिहितो. देवघेवीला कधी कधी फार वेळ लागतो. १९४६ मध्ये सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेने मुखवटे घालून द्वेष पसरवणाऱ्या संघटनेविरुद्ध एक दीर्घ कथा सादर केली होती, ज्यात ली नावाच्या चिनी कुटुंबावर हल्ला होतो. ती कथा कॉमिकमध्ये पोहोचायला २०१९ उजाडले. जीन लुएन यांग यांनी 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'मध्ये त्याच कुटुंबातल्या रॉबर्टा या मुलीला केंद्रस्थानी आणले. नव्या वस्तीत आपण सामावले जाऊ का, ही तिची भीती आणि आपण परग्रहावरचे आहोत हे मान्य करायला कचरणारा सुपरमॅन, यांना त्यांनी शेजारी उभे केले. रेडिओवर ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांना कॉमिकने नजर दिली. ओरॅकलच्या बाबतीतही असा लेखक मिळेल, अशी आशा मला आहे.

दर्यावर्दी

जपानचे उदाहरण राहिले. १९७८ मध्ये तोएई कंपनीने स्पायडरमॅनची प्रकाशक कंपनी मार्वल हिच्याशी करार करून स्पायडरमॅनची स्वतंत्र मालिका काढली. तिचा नायक मोटारसायकलवीर आहे आणि त्याच्याकडे लिओपार्डन नावाचा महाकाय यंत्रमानव आहे. अमेरिकी वाचकाला हे पूर्णपणे विसंगत वाटेल. पण तो यंत्रमानव इतका लोकप्रिय झाला की पुढच्याच वर्षी तोएईच्या 'बॅटल फीव्हर जे'मध्ये रंगीत पोशाखांतल्या नायकांच्या चमूला तसाच यंत्रमानव मिळाला आणि ती पद्धत कायमची झाली. आपण लहानपणी पाहिलेल्या 'पॉवर रेंजर्स'मधले यंत्रमानव त्याच घराण्यातले. वेगवेगळ्या विश्वांतले स्पायडरमॅन एकत्र आणणाऱ्या २०१४ च्या 'स्पायडर-व्हर्स' कथेत अमेरिकी कॉमिकनेही त्या जपानी स्पायडरमॅनला लिओपार्डनसह सामावून घेतले.

पानवेल

त्याच 'स्पायडर-व्हर्स'च्या वाटेवर आपला पवित्र प्रभाकर, म्हणजे भारतीय स्पायडरमॅन, भेटतो. २००४ च्या मूळ कॉमिकमध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला मुंबईत वाढवले. तिथे मला एक अडचण वाटत असे: काका बेनचे भीमकाका, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय, असे प्रत्येक पात्राचे जोडीदार शोधलेले होते. पवित्रचे स्वतःचे असे फार थोडे उरत होते.

२०२३ च्या 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये त्याला थोडाच वेळ मिळतो, पण त्या वेळात तो माणूस होतो. अजून काहीच न गमावलेला, स्वतःच्या केसांवर आणि शहरावर खूश असलेला हा मुलगा आहे. चित्रपटाचा नायक असलेला दुसरा स्पायडरमॅन, माइल्स, जेव्हा पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंग यांना वाचवतो, तेव्हा पवित्रचे सुख टिकते आणि त्याच क्षणी मुंबॅटनची, म्हणजे त्याच्या काल्पनिक शहराची, जमीन खचू लागते. पीटरची प्रतिकृती असलेल्या पवित्रला ही भूमिका पार पाडता आली नसती, कारण पीटरने आधीच सर्व काही गमावलेले असते.

त्या शहराच्या चित्रणातही एक देवघेव आहे. मुंबॅटनची रंगसंगती आणि छपाईचा पोत यांमागे सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सची प्रेरणा आहे. टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून काढलेली, मराठीतूनही निघणारी ती कॉमिक्स. वेताळ, म्हणजे फँटम हा मुखवटाधारी नायक, मराठी वाचकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः त्यांतून. त्या स्वस्त कागदावर एकमेकांवर नीट न बसलेले रंग हॉलिवूडच्या चित्रकारांनी दोष न मानता शैली म्हणून वापरले, आणि तो चित्रपट मराठी डबिंगसह इथे प्रदर्शित झाला.

निशाचर (धागाकर्ता)

पानवेल, पवित्रविषयी तुम्ही लिहिले तेच मला सर्वांत पटले. त्याच वर्षी निकेश शुक्ला यांनी लिहिलेली पवित्रची पाच अंकांची नवी कॉमिक मालिका निघाली. तिच्याकडे मी एकाच उत्सुकतेने पाहतो: चित्रपटातला तो निश्चिंतपणा कॉमिकचे लेखक टिकवतात, की ठरल्याप्रमाणे त्याच्याही वाट्याला लवकरच एक मृत्यू लिहितात. मला तो टिकायला हवा आहे. दुःखातून घडलेले स्पायडरमॅन आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि आनंदाच्या भरात जबाबदारी उचलणारा हा एकच आहे. ज्यांनी पाचही अंक वाचले आहेत त्यांनी इथे सविस्तर लिहावे.